भोकाचा वाटा

रात्रभर उतरत होतं ते.
सदतीस टक्क्यांवर अडकलं तेव्हा मी पाणी तापवलं,
तुंब्यात येर्बाचा पाला भरला,
आणि नळीने कडू घोट ओढत
कंपनीने पाठवलेली बदलांची यादी वाचत बसले.
बाहेर जुलैचं दव गवतावर गोठत होतं.
पासो ओंदोची शाळा: एक बाई, सात मुलं,
आणि अकरा किलोमीटरवर पहिलं शेजारघर.

चुकलेलं उत्तर यापुढे लाल दिसणार नाही.
बरं झालं. लालच्या भीतीने यामांदू
गेलं वर्षभर उत्तरच देत नव्हता.
तीन प्रयत्नांनंतरच इशारा मिळेल.
ठीक. मला तर तेवढ्यानंतरही कधी मिळाला नाही.
अपूर्णांकांतून पिझ्झा काढला आहे,
वर्गाने आपापलं चित्र घालावं.
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत:
आवाजातला किरकोळ दोष दुरुस्त केला.

तो दोष म्हणजे कोण, हे त्यांना कुठून माहीत असणार!
उत्तर चुकलं की जुनी आवृत्ती
कुंपणावरच्या टेरोसारखी ओरडायची,
अंड्यांजवळ कुणाचं पाऊल पडल्यावर
टिटवी ओरडते ना, अगदी तशी.
मायकोल मुद्दाम लिहायचा, सात आठे त्रेपन्न.

सकाळी त्याने तेच लिहिलं.
पडदा गप्प.
पुन्हा लिहिलं.
गप्प.
मग त्याने छप्पन्न लिहिलं
आणि कुत्रा हरवल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिला.
आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी.
मला शाबासकी देववली नाही.

चित्र कशाचं, यावर वाद झाला नाही.
नाहिरने डब्यातून तोर्ता फ्रिता काढली,
चरबीत तळलेली, गोल, फुगलेली,
मधोमध बोटभर भोक.
फोटो घेतला. पडद्यावर सात रेघा उमटल्या,
सात तुकडे, अगदी काटेकोर.
प्रत्येकी एक सप्तमांश.
"आणि भोक?" नाहिर म्हणाली.
"भोकही वाटलं का त्याने सातांत?"
इलारियो सगळ्यांत धाकटा. तो म्हणाला,
"भोक मला चालेल. माझा दात पडलाय."
मी मुद्दाम तीनदा चुकले, इशारा यावा म्हणून.
आला:
आकृती पूर्ण आहे असं समजून पुढे जा.

आम्ही पुढे गेलो नाही. खाऊन टाकली.

दुपारी विज्ञान. नवी चौकट आली आहे,
स्वतःच्या शब्दांत सांगा.
लोकर ऊब कशी देते?
यामांदूचा बाप हंगामात दिवसाला शंभर मेंढ्या कातरतो.
यामांदूने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं:
लोकर ऊब देत नाही. ऊब मेंढीची असते.
लोकर फक्त ती बाहेर कुणाला सांगत नाही.

राखाडी रंगात, अदबीने उत्तर आलं:
एक महत्त्वाचा शब्द राहिला. हवा.

मला वाटलं, झालं, आता पुन्हा वर्षभर मुका.
पण तो उठला. कोपऱ्यात लोकरीचं पोतं असतं,
त्यात त्याने कोपरापर्यंत हात खुपसला
आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.
"बाई, आत काहीच नाहीये," तो म्हणाला.
"खूप काहीच नाहीये."
नाहिरने बोटाची चरबी चाटत मान वर केली.
"भोकं," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही.
अशा वेळी बोललं की ते उडून जातं.

मुलं कोट चढवत होती तेव्हा मी सूचनांचा रकाना उघडला.
दोनशे अक्षरांची मर्यादा.
भोकाबद्दल लिहायला घेतलं, मर्यादेबाहेर गेलं, पुसलं.
पोत्याबद्दल लिहिलं. तेही पुसलं.
शेवटी एवढंच धाडलं:
दोष परत द्या. झुल्मा, आणि सात मुलं.

बाहेर, तारेपलीकडे, खराखुरा टेरो
कुणावर तरी जीव तोडून ओरडला.
मायकोल बुटाची नाडी बांधत होता.
मान वर न करता म्हणाला,
"चुकलं कुणाचं तरी."